ऊन पडलं की अर्लीन परत फिरते

१४ जून, शनिवार

परत! आणि तेही ऊन पडल्यावर!

सकाळी पार्किंगमध्ये गारा, जंगलात पाऊस, पुलापाशी घोट्याएवढा चिखल. एवढं सगळं अर्लीनने हूं की चूं न करता सोसलं. उलट गुणगुणत होती. मग ते वाकडं झाड आलं. तिथे जंगल संपतं आणि उघडा खडक सुरू होतो. ढग फाटले, लख्ख ऊन पडलं, ओला खडक नुसता चमकायला लागला — आणि बाई थांबली. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "परत."

आमचा नियम आहे. एकीने 'परत' म्हटलं की दोघींनी फिरायचं. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. व्हाइट माउंटन्समध्ये जून महिन्यातही बर्फ पडतो आणि हट्टी माणसांना स्ट्रेचरवरून खाली आणावं लागतं. नियम मीच केलाय, त्यामुळे गप्प बसले. तोंड मात्र वाकडं केलं.

न्यू हॅम्पशायरमधली चार हजार फुटांवरची अठ्ठेचाळीस शिखरं. त्यातली सत्तेचाळीस आम्ही दोघींनी मिळून केली. हे शेवटचं. सगळ्यांत सोपं, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं — इथे सगळे तसंच करतात. शेवटच्या शिखरावर पाई घेऊन जायची, अनोळखी लोकांनाही वाटायची. वरच्या दगडांच्या ढिगाला दोघींनी एकदमच हात लावायचा, एकीने आधी जायचं नाही. हे आमचं पहिल्या शिखरावरच ठरलंय.

या वर्षी निघालो की काही ना काही होतंय. आणि दरवेळी तिच्याचकडून! ढगात चालते, पावसात चालते, आभाळ उघडलं की परत. पस्तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासलेत मी. कुठेतरी पाणी मुरतंय.

२१ जून, शनिवार

कडकडीत ऊन. अख्ख्या आठवड्यात ढगाचं नाव नाही. अर्लीनचा सकाळीच फोन. "नोरीन, आज नको गं. पाठ धरलीये."

पाठ! माझ्या ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्यांची पाठ पावसाळी हवेत धरते. हिची उन्हात!

२२ जून

चर्चला जाताना तिच्या दारावरून गेले. (वाट वाकडी करून गेले, इथे खोटं कशाला लिहू.) दारात गावातल्या ल्युसियनचा लाल पिकअप. पाठ बरी झालेली दिसतेय.

५ जुलै, शनिवार

सगळीकडे धुकं, म्हणून बाईसाहेब एकदम उत्साहात. मीच तिला घ्यायला गेले, कारण तिची गाडी गॅरेजात. वसंतापासून गॅरेजात! मी विचारलं, "इंजिन पॅरिसहून मागवलंय का?" तर म्हणाली, "तुझ्या शेजारी बसायला मिळतं, ते काय वाईट आहे?" गोड बोलून विषय बदलते.

पुलापाशी गडगडायला लागलं. या वेळी मी म्हटलं, परत. तर ती चक्क चिडली! "विजा लांब आहेत गं." चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. पहिली वीज चमकली की पोरांना आत कोंडणारी. तिला विजा चालतात, ऊन चालत नाही!

परत येताना गाडीत तिने बूट काढले. मे महिन्यात घेतलेले नवे बूट, दुकानात मी बरोबर होते. तळ पाहिले — झिजलेले. खडकाने खाल्लेले. माझ्याबरोबर एवढं चाललीच नाही ती. मग कुणाबरोबर चालली?

दावा तपासताना आधी बोलायचं नसतं.

१९ जुलै

माझा वाढदिवस. अर्लीनने तिची ब्लूबेरी पाई आणली. साखरेच्या जागी मीठ! सगळ्या पाईत!

ती समोर बसून माझ्या तोंडाकडे कान देऊन बसली होती. "कशी झालीये?" मी म्हटलं, "मस्त." तुकडा संपवला. वर पाणी प्यायले चार ग्लास. डोळे मिटून पाई करणारी बाई आहे ती, मिठाचा डबा चुकून उचलेल? की मला चिडवायचं होतं? की मनात काहीतरी खुपतंय आणि हात भलतीकडेच जातोय?

मग तिला न्यायला ल्युसियन आला. आता मी नाही सोडायचं तिला, ल्युसियन सोडणार! बायको जाऊन दोन वर्षं झालीत त्याची. उन्हाळाभर डोंगरातल्या वाटांवरची पडलेली झाडं कापतो. माणूस बरा आहे, तेच तर वाईट. पायऱ्या उतरताना तिला हळूच म्हणाला, "आणि पुलावरची दुसरी फळी निसटलीये बरं का, लक्षात ठेव." अर्लीनने त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"कुठला पूल गं?" मी विचारलं.

"माझ्या अंगणातला."

तिच्या अंगणात पूल नाही. ओढाही नाही. एक पक्ष्यांचं पाण्याचं भांडं आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज मी जे केलं ते कुणाला सांगायच्या लायकीचं नाही. ढगाळ होतं. डोनट आणि कॉफी घेतली आणि डोंगराखालच्या पार्किंगमध्ये जाऊन बसले. लाल पिकअप तिथेच उभा. आत सीटवर अर्लीनचा निळा रेनकोट.

थांबले. डोनट संपला. स्वतःची लाज वाटायला लागली, तरी थांबले.

मग दोघं जंगलातून बाहेर आली. अर्लीन पुढे, दोन्ही काठ्या टेकवत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. ल्युसियन मागे. हसत होती दोघं. मी स्टिअरिंगखाली वाकले — या वयात! — आणि तिथेच माझी पाठ धरली. खरोखरची.

हळूच वर पाहिलं तर ती माझ्या गाडीच्या नाकासमोर उभी. सरळ माझ्याकडे तोंड. माझी हिरवी गाडी, पुढे मूस हरणाचं स्टिकर, तिनेच लावलेलं. पापणीही लवली नाही! खुशाल वळली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. एवढी निर्ढावली? मला पाहून न पाहिल्यासारखं?

म्हणजे झालं. अठ्ठेचाळिसावं तिने करून टाकलं, माझ्याशिवाय. माझ्याबरोबर नुसतं नाटक चाललंय.

१३ ऑगस्ट

फोन केला. "काल काय केलंस?"

"काही नाही गं. कपडे धुतले."

३० ऑगस्ट

माझा वॉल्टर गेला त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. भांडी सिंकमध्ये वास मारत होती. अर्लीन मागच्या दाराने आत आली, माझ्या अंगावर मोजे फेकले आणि म्हणाली, "ऊठ. रडायचंच असेल तर चढावर रड, तिथे धाप लागलेली समजतात लोक." ते आमचं पहिलं शिखर. खरंच, सगळा चढ रडत गेले. कुणी विचारलं नाही.

ल्युसियनशी लग्न कर म्हणावं, मला काय त्याचं! पण ते शिखर आमचं होतं. नवऱ्यानंतर माझं असं एवढंच होतं.

६ सप्टेंबर, शनिवार

आज एकटी गेले. हो, गेले. लख्ख ऊन, वारा नाही, असा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. ठरवून गेले होते — वर जायचं, दगडाला हात लावायचा, खाली येऊन तिला फोन करायचा. फिट्टंफाट.

पुलावरची दुसरी फळी खरंच निसटली होती.

वाकड्या झाडापर्यंत गेले. वरचा दगडांचा ढीग तिथून दिसत होता. पाय पुढे टाकवेना. बसले, सफरचंद खाल्लं, शिव्या दिल्या (तिला, मग मला). आणि मोठ्याने म्हणाले, "परत."

मी मूर्ख आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

झालं. अठ्ठेचाळीस पूर्ण. रागारागाने लिहितेय.

सकाळी तिचा फोन. "ढग अगदी खाली उतरलेत. चल!" आवाज लहान पोरीसारखा. पाई केलीये म्हणाली. मी म्हटलं चल. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावू.

असलं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. झाडांवरच्या वाट दाखवणाऱ्या निळ्या पट्ट्या दिसेनात, माझेच बूट दिसेनात. मी अडखळतेय आणि अर्लीन पुढे — भराभर! "डावीकडे मूळ आहे, पाय उचल. आता उंच पायरी. इथे ओलं आहे, उजवा हात झाडाला लाव. दुसरी फळी सोड." एकदाही चुकली नाही. दगडन् दगड ठाऊक! मी तिच्या पाठीमागून चालत होते आणि आतल्या आत उकळत होते. काय हा पुरावा! हातात आणून देतेय!

वाकड्या झाडापाशी ती थांबली. झाडाच्या सालीवर हात फिरवला. "आता तू पुढे हो, नोरीन." आणि माझ्या सॅकचा पट्टा धरला.

मी म्हटलं, "का? पुढची वाट विसरलीस?"

"चल ना गं," म्हणाली.

केवढं नाटक! सपाट खडकावर दोनदा ठेचकाळली, गुडघा फोडून घेतला. जिने खालचं मूळन् मूळ सांगितलं ती इथे पहिल्यांदा आल्यासारखी माझ्या पट्ट्याला लोंबकळत होती. मी मुद्दाम भराभर चालले.

वर पोचलो. तिचा हात माझ्या हातात होता, दोघींनी एकदम दगडाला लावला. ती रडायला लागली. मी नाही रडले.

आणि तेवढ्यात — या डोंगरात असंच होतं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना — वाऱ्याने सगळं धुकं एका बाजूने उचललं. खाली लाल-पिवळी मेपलची झाडं पेटल्यासारखी, दोन तळी, पार लांब शेजारच्या मेन राज्यापर्यंतचे डोंगर. तिथली कॉलेजची पोरं ओरडायला लागली. एकीने मला मिठी मारली. मी अर्लीनकडे पाहिलं. ती त्या सगळ्याकडे पाठ करून उभी होती. उरलेल्या धुक्याकडे तोंड. आणि म्हणाली, "किती सुंदर आहे, नाही?"

तिथे माझा तोल गेला. "तुला वळून बघायचीही गरज नाही ना? तू पाहिलंयस सगळं. ल्युसियनबरोबर. मी पाहिलंय तुम्हाला, पार्किंगमध्ये. तू माझ्या तोंडाकडे पाहून निघून गेलीस!"

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल — खोटं तरी. ती फक्त म्हणाली, "परत."

कारण विचारायचं नाही. नियम माझाच!

उतरताना सगळीकडे ऊन. ती खडकावर बसून बसून घसरत उतरली. पट्टा धरू का म्हणून तिने विचारलं नाही आणि मीही धर म्हटलं नाही. पाई तिच्या सॅकमध्ये तशीच. घरापाशी उतरताना दाराची कडी चाचपत बसली, मी उघडून दिली नाही.

संपलं. अठ्ठेचाळीस शिखरं आणि मैत्रीण, दोन्ही संपलं.

२८ सप्टेंबर

ल्युसियन आला होता. आत आला नाही, टोपी हातात घेऊन दारातच उभा. म्हणाला, "तिने शपथ घातलीये, पण मी मोडतोय. अर्लीनचे डोळे गेलेत, नोरीन. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. ऊन असलं की तेही नाही. गाडी वसंतातच विकली. तुला कळलं तर तू तिला नेणार नाहीस आणि स्वतःही जाणार नाहीस म्हणाली. म्हणून वाट पायांना पाठ करत होती. त्या वाकड्या झाडापर्यंत. मी कितीदा म्हटलं, एवढी आलीस तर चल की वर! एकदाही आली नाही. म्हणायची, इथून पुढे नोरीन नेईल."

तो गेल्यावर दार लावलं. मग फोन केला. तिने उचलला. मी म्हटलं, "अर्लीन, बाहेर कडकडीत ऊन आहे. तू घरीच थांब, मी येते. पाई काढून ठेव, कशीही असू दे. काल वरून काय काय दिसलं ते तुला सांगायचं राहिलंय."