टाकी पडायच्या आत

३ मार्च

माफ कर, कागदा. मागचं पान उघडलं तर गेल्या सालचं निघालं. इतका उशीर मी गिऱ्हाइकाच्या ताडपत्रीलाही कधी केला नाही. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

टाकी पाडणार आहेत. टेकडीवरची पाण्याची टाकी. जुनी झाली, गळते, म्हणून महिनाअखेरीस पाडणार. भिंतीवर नोटीस डकवली आहे. लोक वाचतात आणि पुढे जातात. त्यांचं काय जातंय! माझी तर वाट जातेय.

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. मधे एक फट. बाहेरून येताना धक्क्यावरच्या बेकरीचं धुराडं आणि मागची टाकी एकावर एक आली की समजायचं, आपण फटीच्या रेषेत आहोत. टाकी उजवीकडे सरकली तर आपण उजवीकडे गेलो, डावीकडे वळा. एवढंच माझं शास्त्र. त्याच्यावर सगळी उमर होडी घरी आणली.

हिला सांगितलं. म्हणाली, “बरं झालं. पडू दे एकदाची.” आणि भांडी विसळायला लागली.

५ मार्च

मुलीचा फोन. तिच्या आईनेच चुगली केली असणार. म्हणाली, “बाबा, एक तर यंत्र घ्या, नाही तर होडी विका. टाकी नसताना तुम्ही बाहेर गेलात तर मी तिकडे येऊन बसेन.” ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे. आईवर गेली आहे.

होडी विका! जणू अडगळीतली सायकल. आयुष्यभर लोकांच्या ताडपत्र्या शिवल्या, उरल्या वेळात तिचं शीड शिवलं. टाका न् टाका माझा.

यंत्र म्हणजे जीपीएस. हातात मावतं. आकाशातले उपग्रह बघून आपण कुठे आहोत ते सांगतं. मी कुठे आहे ते मला ठाऊक असतं. हिलाही असतं – मी बाहेर पडलो की ही वरच्या खिडकीत उभी. कितीदा म्हटलं, बुडालो तर खिडकीतून हात देणार आहेस का?

तरी बघून येतो. बघायला काय जातंय.

६ मार्च

दाढीवाल्याला विचारलं. हा आमचा जुना न्हावी. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या, दुकान बंद केल्यावर स्वतःची वाढवली. त्याची होडी माझ्या शेजारीच बांधलेली असते. म्हणाला, फोनमध्ये सगळं असतं, वेगळं यंत्र घेणं म्हणजे चपलेवर बूट घालणं. फोन काढून दाखवलाही. निळा ठिपका म्हणजे आपण. ठिपका छान होता. पण फोन धरला होता दोन बोटांत, आणि खाली पाणी. मलाच धडकी भरली.

८ मार्च

दुकानात गेलो. होड्यांचं सामान विकणारं, बाजारातलं. चष्मा लावलेली एक मुलगी आहे तिथे, फार सोशिक. तिने तीन यंत्रं मांडली.

पहिलं सगळं काचेचं, बोट फिरवायचं. चित्र इतकं झकास की बेकरीचं छप्परसुद्धा दिसलं. मी म्हटलं, बोट ओलं असलं तर? तिने पेलाभर पाणी आणून दिलं. बोटं बुडवून फिरवली – नकाशा सैरावैरा पळायला लागला, एकदम दुसऱ्याच देशात! होडीत माझी बोटं कोरडी कधी असतात?

दुसरं लहान आणि स्वस्त. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

तिसरं पिवळं. जाड बटणं. पेन्सिल सेलवर चालतं, म्हणजे सेल संपले तर खिशातले दुसरे घालता येतात. चार्जिंगवाल्याचं पाण्यात काय करणार, समुद्राला प्लग असतो का? चित्र मात्र साधं, पण उन्हात नेलं तर जास्त स्पष्ट. आणि पाण्यात पडलं तर तरंगतं म्हणे.

म्हणे! मी म्हटलं, दाखवा. ती हसली, आतून बादली आणली. “बादली मागणारे तुम्ही पहिलेच, काका.” टाकलं. बुडालं – माझाच जीव बुडाला – आणि वर आलं. पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा वर आलं.

९ मार्च

घेतलं नाही. विचार करतो.

१० मार्च

विचार केला. त्यामुळे झोप नाही. तरंगतं खरं, पण ती बादली होती. बादलीत लाटा नसतात.

त्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. ते वर्गात आले त्या साली मी शाळा सोडून सुई धरली. आता म्हातारपणी ते मला गाठायला आले.

१३ मार्च

दाढीवाल्याचा फोन पाण्यात गेला. ठिपक्यासकट. म्हणाला, टुपूक असा आवाज झाला फक्त. दोन दिवस मुलाशी बोलणं नाही म्हणून खूश आहे.

मी हसलो नाही. निदान त्याच्यासमोर नाही.

१४ मार्च

घेतलं. पिवळं!

१५ मार्च

बिघडलेलं दिलं. रात्री स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून कितीदा चालू केलं, नुसतं ‘शोधत आहे’. ही म्हणाली, “तुम्ही चष्मा शोधता तसंच करतंय.” सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन उभा राहिलो. चष्मेवाली आली, यंत्र घेतलं आणि काही न करता मला दाराबाहेर रस्त्यावर उभं केलं. म्हणाली, छपराखाली त्याला आकाश दिसत नाही, त्याला उघड्यावर न्या, थोडा वेळ द्या. दिला. लागलं! पडद्यावर घराचं चित्र आलं आणि विचारलं, साठवायचं का? मी हो दाबलं. घर तर हवंच.

मी फार लाजलो. तिने चहा पाजला.

१६ मार्च

यंत्राला पिशवी शिवली, शिडाच्या उरलेल्या कापडाची. गळ्यात अडकवायला दोरी. दुहेरी टीप. हात अजून तयार आहे.

१७ मार्च

पहिल्यांदा यंत्र घेऊन बाहेर गेलो. वारा मवाळ, पाणी शांत, फार बरं वाटलं. परतताना ‘घर’ दाबलं. बाण आला. बाण सांगतो तिकडे बघतो तर समोर खडक! माझा नेहमीचा रस्ता डाव्या हाताला आणि हे म्हणतं सरळ चल. नशीब, टाकी अजून उभी आहे. टाकी बघून आलो.

धक्क्यावर उतरून बाणामागे चालत सुटलो, म्हटलं बघू तरी कुठे नेतो. मासळीची गोदामं मागे टाकून, बाजारात, थेट त्या दुकानाच्या पायरीवर. तिथे वाजलं – पोचलात!

परवा घर तिथेच साठवलं होतं मी. माझं घर बाजारात. आणि बाणाला मधला खडक दिसत नाही, त्याला नुसतं सरळ माहीत. चष्मेवाली म्हणाली, एका घरावर भागणार नाही, फटीच्या बाहेर एक, फटीत एक, आत एक अशा खुणा साठवा, मग बाण एकेक खूण दाखवत आणेल. पण एवढ्या अरुंद फटीला नकाशावर अंदाजाने लावलेली खूण चालणार नाही, त्या जागी जाऊनच दाबावं लागेल.

हिला सांगितलं. हसून डोळ्यांना पाणी. “इतके फेरे मारलेत की त्यालाही तेच घर वाटलं.”

१९ मार्च

जमलं नाही. एक हात सुकाणूवर, एक शिडाच्या दोरीवर, डोळे टाकीवर. बटण दाबायला काय दात वापरू? शिवाय उन्हात चष्मा लावला तर धुकं, काढला तर आणखी धुकं. यंत्र साफ आहे, दोष माझ्या डोळ्यांचा. फट ओलांडून गेल्यावर दाबलं, म्हणजे खूण चुकीच्या जागी. पुसून टाकली.

२० मार्च

आजही तेच. दाढीवाल्याला चल म्हटलं तर त्याची पाठ धरली आहे. टाकीभोवती बांबू बांधायला लागलेत. टाकी पडली की खूण घ्यायची तरी कशावरून? मग राहिली होडी धक्क्याला. पुढे कुणीतरी विकत घ्यायला येईल, होडीच्या बुडावर बोटं मारून बघेल, शीड कोणी शिवलं विचारेल.

जेवताना हे सगळं बोललो. ही ऐकत होती. मग म्हणाली, “मी येते. मला बटणं दिसतात.”

हिने आजवर होडीत पाऊल ठेवलेलं नाही. तिला पाणी बघूनच गरगरतं.

२२ मार्च

आली!

दोन स्वेटर, डोक्याला रुमाल, गळ्यात यंत्र. होडीत बसली ती डोलकाठी धरून, जणू तीच होडी उभी धरून ठेवणार आहे. मी मुद्दाम हलकी हवा बघून होडी काढली होती, तरी एक लाट आली आणि हिने माझं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

बाहेर जाऊन वळलो. धुराडं आणि टाकी एकावर एक आली. मी म्हटलं, दाब. दाबलं. फटीत म्हटलं, दाब. दाबलं. आत आल्यावर तिसरं. हिने प्रत्येक वेळी पडदा बघून सांगितलं, “झालं,” शिवणयंत्रावर टीप संपल्यावर सांगतात तसं. खात्रीसाठी पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा आलो. दुसऱ्यांदा हिने डोलकाठी सोडली होती.

उतरल्यावर मागे वळून फटीकडे बघत राहिली. रात्री घरची खूण धक्क्यावर नीट करून घेतली, बाजारातली पुसली. चष्मेवालीला वाईट वाटेल.

२९ मार्च

टाकी पडली. दुपारी. आवाज मोठा नव्हता. धूळ मात्र बेकरीपर्यंत आली.

मी वरच्या खिडकीत हिच्याजवळ उभा होतो. धूळ बसली तर मागे नुसतं पाणी. खडकांवरचा फेस, मधली काळी फट, सगळं समोर. या खिडकीतून एवढं पाणी मी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, तुला का नकोशी होती ती टाकी? तिने काय वाकडं केलं होतं तुझं?

ही म्हणाली, “तुम्ही बाहेरून येताना दिसायचात. मग नेमके खडकांपाशी आलात की टाकीमागे जायचात. रोज. पलीकडून शीड बाहेर आलं की मी चहा ठेवायचे.”

मी मनात मांडून बघितलं. बरोबर आहे. घर टाकीच्या मागे, त्याच रेषेत. मी रेषेत असलो म्हणजे मधे टाकी येणारच. मला जिथे सगळ्यात निर्धास्त वाटायचं, तिथेच मी हिला दिसत नव्हतो.

चहा मी केला आज.

३० मार्च

टाकीशिवाय बाहेर गेलो. दोघं. धुराडं एकटं उभं होतं, विधुरासारखं. ही म्हणाली, “डावीकडे. अजून. आता सरळ. सरळ म्हटलं ना!” सरळ धरलं. दोन्ही बाजूंना फेस, मधून आम्ही. यंत्र वाजलं, मग पुन्हा वाजलं, आणि आम्ही आत.

दाढीवाला धक्क्यावर होता. म्हणाला, “कॅप्टन कोण?” हिने यंत्र पिशवीत ठेवलं आणि मला दोरी बांधायला सांगितलं.

मुलीला फोन केला. होडी विकत नाही म्हटलं. ती म्हणाली, आईला द्या.

१२ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ही घेऊन गेली. मोतीबिंदू. माझ्यापेक्षा यंत्र शहाणं, त्याच्या पडद्यावर मला धुकं दिसायचं ते डोळ्यातलं होतं. शस्त्रक्रिया करतात. मरतात का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, कंटाळ्याने.

२४ एप्रिल

झाली. एक डोळा. पट्टी काढली तर हिच्या स्वेटरचा रंग निळा निघाला! मी इतके दिवस करडा समजत होतो. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस वारा नको, खारं पाणी तर मुळीच नको. होडी बांधलेलीच राहणार. किती दिवस ते त्यांनी नीट सांगितलं नाही. दोनदा विचारलं.

३ मे

मुलगी आली आहे. लहानपणी मीच तिला सुकाणू धरायला शिकवलं, विसरली नाही. मायलेकी ओट्यापाशी पिवळं यंत्र घेऊन बसल्यात, पलीकडच्या किनाऱ्यावर हिच्या बहिणीचं घर आहे तिथली खूण नकाशावर लावतायत. मी चार सूचना केल्या. ही म्हणाली, “तुम्ही डोळ्यात थेंब घाला.”

४ मे

गेल्या. मुलगी सुकाणूवर, ही यंत्र गळ्यात घालून. एकच स्वेटर.

मी वरच्या खिडकीत. मधे टाकी नाही. फटीत शिरलेलं दिसलं, पलीकडे निघालेलं दिसलं, मग शीड लहान झालं, आता नव्या डोळ्यालाही दिसत नाही. चहाचं भांडं घेऊन उभा आहे. ठेवायचं कधी, ते हिने सांगितलंच नाही.

पोचलीस की कळव गं. लगेच कळव.