उदारामची वाटी

सडक अर्जुनी, ६ मे २०२५

ती. वच्छलाबाईस, धाकटा भाऊ उदाराम याचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं कोणाले समजत नाही, म्हणून लिहून राहिलो. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला तो असा. जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेकही संपले, पण तोंडात फोड आहेत. गरम वरण लागलं की डोळ्यांत पाणी येते. वजन सेहेचाळीस किलोवर आलं. आणखी उतरलं तर नाकातून नळी टाकावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

सून पुष्पांजली मोबाइलवर पाहून थंडं सूप करते. मागच्या आठवड्यात दुधी उकडून ताकात घोटला आणि गार करून आणला. थंडं कालवण माणसापुढं ठेवतात काय, म्हणून मी वाटी भिरकावली. तिनं फरशी पुसली. आता वाटी ठेवते आणि निघून जाते. तू चार दिवस ये. तुझ्या हातचं उतरेल.

तुझी वाट पाहणारा,
उदाराम

कामठा, १० मे

चि. उदारामास अनेक आशीर्वाद.

मी येत नाही. मी तिथं चूल धरली तर पुष्पांजली आपल्याच घरात पाहुणी होईल. माय बांधावर ताक घातलेली पेज आणायची, ती काय गरम राहत होती? चार-चार गिलास पीत होतास.

तुझ्या पत्राआधी तिचा फोन आला होता. गाऱ्हाणं नव्हतं. बाबाले लहानपणी काय आवडे, एवढंच विचारून राहिली होती.

आता तूच कर. दोन कोवळ्या काकड्या, मूठभर मऊ भात, ताजं गोड ताक, भाजलेलं जिरं. मिक्सरमधून काढून गाळ, भांडं माठाच्या पाण्यात ठेव. आंबट ताक घेऊ नको, तोंड जळेल.

रागावलास तरी लिहीत जा.
वच्छला

सडक अर्जुनी, १९ मे

ती. बाईस सा. न. वि. वि.

दोन दिवस रागातच होतो. तिसऱ्या दिवशी पुष्पांजली आशा सेविकेच्या कामावर घरोघर फिरायले गेली, तेव्हा किसणी काढली. पहिली काकडी कडू निघाली. मग मिक्सरचं झाकण उडालं. ती उन्हातून आली तेव्हा मी भिंतीवरचं ताक पुसत होतो. तिनं पदर तोंडाशी नेला. मले वाटलं रडते, तर हसून राहिली होती.

उरलेलं वाटीत ओतून तिच्यापुढं ठेवलं आणि हात जोडले. तिनं माझे हात खाली केले, वाटी संपवली, आणि म्हणाली, बाबा, यात मीठच नाही.

शेकापासून मले मिठाची चव कळत नाही. हे मी डॉक्टरलेही सांगितलं नव्हतं. तिले कागदावर लिहून दिलं. आता रोज ती आधी चाखते, मग मी पितो. काल वजन सत्तेचाळीस भरलं.

आता ये, पण रांधायले नको. बसून खा.

तुझा लोभ असाच राहो.
उदाराम