दारातली गाडी

आबा, काल रविवारी कामरेजच्या पुढे हायवेवरच्या चहाच्या टपरीवर आम्ही जुन्या गाड्यांचे शौकीन जमलो होतो. आपापल्या गाडीच्या खोड्या लोक अशा कौतुकानं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं नातवंडांच्याच सांगताहेत. एकाचा दरवाजा लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, एकाचा हॉर्न वळण घेतलं की आपोआप वाजतो. माझ्याही गाडीला खोड्या होत्या. घेतल्या घेतल्या मी त्या सगळ्या दुरुस्त करून घेतल्या, म्हणून मला हसतात. एक गुजराती काका म्हणाले, "जूनी गाडी कोई दिवस दगो नी आपे." जुनी गाडी कधी दगा देत नाही, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये उभी हयात घालवून तुम्ही ती पांढरी सेकंडहँड गाडी घेतलीत, आपल्या गल्लीतली पहिली. चोक अर्धाच ओढायचा, किल्ली जरा वर उचलून फिरवायची, एवढं मी बघून बघून पाठ केलं होतं. पण आणखी काहीतरी होतं, ते तुम्ही कधी दाखवलं नाहीत. विचारलं की मिशीत हसायचात. "मन्हा हातशिवाय ती चालूच व्हत नही." मेकॅनिककडेही न्यायचा नाहीत. खोड गेली असती तर मिरवायचं काय?

त्या सकाळी तुम्ही छाती धरून मागच्या सीटवर पडला आहात. आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन माझ्यावर ओरडते आहे, "आरे भाऊ, चालू कर ना!" मी किल्ली फिरवतो, पुन्हा फिरवतो, पेट्रोलचा भपकारा येतो. गल्ली धक्का मारायला धावते. तुम्ही काही सांगायला ओठ हलवता, शब्द फुटत नाही. नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या, आबा. पण दारात गाडी असताना रिक्षा करावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं तोवर उशीर झाला होता. आईनं दोष मला दिला आणि ती जाईपर्यंत तो माझ्याच माथी राहिला. तुमच्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

काल त्या गुजराती काकांनी विचारलं, "तुमच्या वडिलांची होती ना एक? कशी होती?"

"भरवशाची," मी म्हणालो. "एकदाही अडली नाही."

तुमचं नाव राखलं, अशी घरी येताना मनाची समजूत घालत होतो. पण मला भीती वाटली होती. खरं सांगायला लागलो असतो तर तिथेच, चार माणसांत, तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.