गळ्यातली काठी

बार्टली,

"ओना, जुनं उकरू नकोस," असं तू बॉस्टनहून लिहिलंस. मी उकरणार. शाळेच्या बाईंनी पोरांना म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्यात, आणि नात माझ्या मागेच लागलीय.

लहानपणी आपल्या तोंडून आयरिश शब्द निघाला की गळ्यात अडकवलेल्या काठीवर खाच पडायची. जितक्या खाचा, तितक्या मास्तरांच्या छड्या. घरी खाचा बाबाच पाडायचे, हेही सांगणार. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. तू निघालास तेव्हा धक्क्यावर ते गप्प राहिले, तो राग नव्हता रे. त्यांच्याकडचा प्रत्येक शब्द खाचेचा होता.

हे पत्र इंग्रजीत आहे, कारण लिहायला आपल्याला तेवढंच शिकवलं. म्हणूनच पाठवत नाही. नातीला आपल्या भाषेत सांगेन. तुला ऐकायचं असेल तर घरी ये.

तुझी हट्टी थोरली बहीण,
ओना