डब्यातून परत काढलेली अझेलिया

मी, चारुता अरुण वाळिंबे, वय ३४, संशोधक अभियंता, राहणार एनस्खेडे, नेदरलँड्स, माझ्यानंतरची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार शरीराचा आहे, बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. नोटरीकडे डच मजकूर आहे. ही मराठी प्रत घरच्यांसाठी.

१. घर आणि शिल्लक भाऊ ईशान याला. आईने दिलेल्या बांगड्या आईला परत.

२. मातीची आम्लता मोजायचं यंत्र सहकारी कुणालला. त्याने ते तीनदा नेलं, दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा मीच त्याच्या टेबलावरून उचललं. आता ठेवून घे.

३. बागेतली अझेलिया पानगळीची आहे. उणे वीसची थंडी सोसते, चुना सोसत नाही. हिरवळीवरच्या शेवाळासाठी चुना टाकू नये. पाणी शक्यतो पावसाचंच. मुळं वरच्या थरात असतात, भोवती खणू नये. नोव्हेंबर ते एप्रिल ती वाळल्यासारखी दिसते. वाळलेली नसते.

४. वडिलांविषयी. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आईबाबा पुण्याहून आले होते. तेव्हा अझेलियाची चार झुडपं होती. मी प्रयोगशाळेत असताना बाबांनी ती मेली समजून उपटली, कचऱ्याच्या हिरव्या डब्यात भरली आणि जागा झाडून ठेवली. मला वेळ मिळत नाही म्हणून. मी म्हणाले, "बाबा, जे तुम्हाला कळत नाही ते तुम्ही मोडता. माझ्या घरात तरी नको." त्यांनी तिकीट आठ दिवस अलीकडचं करून घेतलं. तेव्हापासून फोनवर फक्त आई असते. मी आजारी पडल्यावरही तीच एकटी येऊन गेली. बाबांनी यायचं नाही, असं मी कळवलं होतं.

त्या संध्याकाळी मी झुडपं डब्यातून काढून पुन्हा लावली. एक जगलं. दर मे महिन्यात पानांआधी केशरी फुलतं. हे कळलं असतं तर बाबांच्या मनावरचं ओझं उतरलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही. ते झुडूप बाबांचं. माझ्या मृत्यूनंतर ईशानने त्यांना हे सांगावं.

५. कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. कारण: साक्षीदार नीलांबरी, जी मागच्या गल्लीत राहते आणि रविवारी मला डबा आणते, तिने ते वाचून पेन खाली ठेवलं. "मेल्यावर सांगणार? बावळट आहेस का गं? ते तिकडे आहेत, तू इथे आहेस. मी नाही सही करत."

फोन लावला. आईला म्हटलं, बाबांकडे दे. झुडपाचं सांगितलं.

बाबा म्हणाले, "मी फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास."

"हो, ठेवला असता."

"आता येऊ?"

मी म्हणाले, "या."

व्हिसाला पंधरा दिवस लागतात, कधी जास्त. पहिल्या कळ्या काल उमलल्या. फुलं दोन-तीन आठवडे राहतात. माझ्या बाबतीत डॉक्टर आकडा देत नाहीत. बाबा पोहोचेपर्यंत मी नसले, तर ईशानने त्यांना विमानतळावरून आधी बागेत न्यावं, आणि काही समजावत बसू नये.

वाचून, समजून सही केली.
चारुता अरुण वाळिंबे

आमच्या समक्ष:
नीलांबरी मोरेश्वर साठ्ये
कुणाल प्रकाश देवस्थळी

एनस्खेडे, ७ मे २०२५