दृष्ट नव्हती

व्यसनमुक्ती केंद्र, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. रोहिणीताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे फोन देत नाहीत, म्हणून पत्र. बरंच झालं. तोंडानं मला हे सांगता आलं नसतं.

दिवाळीत गावी साखरशेतला आलो तेव्हा हात थरथरत होते, छातीत धडधडत होतं, दार वाजलं तरी दचकायचो. शेजारची रखमीकाकी आल्याच दिवशी मला बघून म्हणाली होती, पोरगा कसा तरतरीत झालाय. आईनं तेच धरलं. मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली आणि काकीला घरात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. ताई, मी गप्प बसलो. भिवंडीच्या गोदामात दोन-दोन पाळ्या ओढायला मी जागायच्या गोळ्या खात होतो. त्याचंच हे, हे मला ठाऊक होतं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जिवावर बेतलं की मेंदू हुकूम सोडतो आणि अंगात कॉर्टिसोल नावाचं ताणाचं द्रव्य वाढतं. गोळी तोच हुकूम उगाच सोडायला लावते. समोर बिबट्या नाही, पण अंग पळायच्या तयारीत. रोज खाल्ल्या की मेंदूचा तोल जातो, मग गोळी नसली तरी धास्ती सुटत नाही.

आई मजुरीला गेली की जिनं मला भरवलं, तिच्यावर मी आळ येऊ दिला. लाज वाटते गं. हे आईला वाचून दाखव, माझ्याच्यानं होणार नाही.

माया कमी करू नकोस.
नीलेश


मोखाडा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. नीलेशला अ. उ. आ.

लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. दिवाळीत मला कान बघायचं सुचलं नाही.

रविवारी साखरशेतला गेले. पत्र ऐकून आई चुलीपुढून उठेचना. आता कुठल्या तोंडानं काकीकडे जाऊ, म्हणाली. शेवटी आम्ही दोघी गेलो.

काकीची लेक जिवली बाळंतपणाला आली आहे. मुलगी झाली, दोन महिन्यांची आहे. काकी तिच्या आंघोळीचं पाणी तापवून देते आणि पाठ फिरवून बसते. आपली नजर वाईट, हे तिनं स्वतःच खरं धरलं होतं. नातीचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं.

पत्र तिनं दोनदा वाचायला लावलं. मग मला हळूच विचारलं, पोरीचं नाक कुणासारखं आहे. मी म्हटलं, बघ की. ती झोळीपाशी गेली, पण झोळीवरचं फडकं काही तिच्या हातून बाजूला होईना. जिवलीनंच केलं.

तुला माफ केलं का, ते काकीनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बरा होऊन ये आणि तूच विचार.

रागावले आहे, तरी लोभ आहेच.
रोहिणी