मागच्या अंगणातील गुलाबांबाबत

घडले ते असे:

१. फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रयोगशाळेचा जिना चढताना मला धाप लागू लागली. मार्चमध्ये तपासणी झाली. लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापामुळे हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, असे निदान झाले.

२. एप्रिलमध्ये फुप्फुसात पाणी साठले म्हणून मी सुरतेतच रुग्णालयात होते. महिना संपत आला तेव्हा घरी आले.

३. त्या काळात आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी येत होते. माझ्या मागे गुलाब सुकू नयेत म्हणून माझे वडील काशिनाथ, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते काम करतात त्या पलसाण्याच्या मिलमधून रोज कॅनने पाणी आणून झाडांना घालत होते. पाणी सॉफ्टनरचे होते.

४. मी आले तेव्हा बहुतेक झाडांच्या पानांच्या कडा जळल्या होत्या. माती वरून पांढरी आणि खाली विटेसारखी घट्ट झाली होती.

५. माती आणि कॅनमध्ये उरलेले पाणी मी तपासले. आप्पांना कारण सांगितले.

६. त्या दिवसापासून आप्पा मागच्या अंगणात गेलेले नाहीत.

७. गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ लखन याने गवंडी आणून ते अंगण मोजून घेतले.

८. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मला २ जून रोजी अहमदाबादला दाखल व्हायचे आहे.

वरील कारणांनी मी, चंचल काशिनाथ बडगुजर, वय सत्तावीस, अविवाहित, मूळ गाव तालुका पारोळा, राहणार डिंडोली, सुरत, सचिन येथील कापड रंगवण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंग-प्रयोगशाळेत नोकरीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. धाप आहे, पण ती लिहिण्याच्या आड येत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांनी वाचण्याची शक्यता टक्क्यांत सांगितली. आकडा वाईट नाही. परंतु तेवढ्या खात्रीवर मी रंगाचे जे लॉट पास करते, त्यांतले काही परत येतात.

मृत्युपत्र न करता मी गेले, तर आई हयात नसल्याने माझे सर्व काही कायद्याने आप्पांकडे जाईल. आप्पा लखनला कोणत्याही गोष्टीला नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून हे लिहिणे आवश्यक आहे.

कलम १. घर. डिंडोलीचे घर माझ्या नावावर आहे. घर घेतले तेव्हा आप्पा मिलमध्येच पण ठेकेदाराकडे होते आणि लखन अल्पवयीन होता. कर्जाला लागणारी पगाराची पावती फक्त माझ्याकडे होती. त्यामुळे मी कोणावर उपकार केले असे कोणी समजू नये, आणि मी घर लाटले असेही लखनने चहाच्या टपरीवर सांगू नये. आप्पांनी हयातभर या घरात राहावे. त्यांच्यानंतर घर लखनचे. मागच्या अंगणाचा यात समावेश नाही. त्याची व्यवस्था कलम ६ व ७ मध्ये आहे.

कलम २. बँकेतील शिल्लक. आधी रुग्णालयाचे बिल भागवावे. उरेल ते आप्पांचे. फंडावर त्यांचेच नाव लावलेले आहे.

कलम ३. वस्तू. माझी पुस्तके, काचेची मोजपात्रे आणि रंग जुळवून पाहण्याचा दिवा सहकारी सुकदेव सोनवणे यांच्यामार्फत प्रयोगशाळेला द्यावा. ते स्वतः या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काहीही ठेवलेले नाही. त्यांनी तक्रार केली. मी नियम सांगितला.

कलम ४. साडी. साखरपुड्यात मिळालेली मोरपंखी साडी लोखंडी कपाटात आहे. झडपेचे कळल्यावर अमळनेरच्या मुलाकडच्या मंडळींनी मध्यस्थाकडून नकार कळवला. अंगठी मी परत पाठवली. साडी त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही. ती रेशमी म्हणून दिली होती. मी एक धागा जाळून पाहिला आहे. पॉलिस्टर आहे, आपल्याच सुरतेचे. मे महिन्यात झाडांवर सावलीसाठी बांधायला जाळी कमी पडली तर जरीकाठ उसवून ही साडी वापरावी. उन्हात टिकेल.

कलम ५. धुरपदाबाई. शेजारच्या धुरपदाबाई गेली पाच-सहा वर्षे रोज सकाळी कुंपणावरून हात घालून देवासाठी गुलाब तोडतात. तोडतात म्हणजे ओढतात. सालीची पट्टी खालपर्यंत निघून येते आणि तिथून फांदी वाळत जाते. देवाला कळीच लागते का, असे मी एकदा विचारले होते. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझं लग्न झालं असतं ना चंचल, तर असले प्रश्न पडले नसते."

त्यांना झाड असेपर्यंत रोज एक फूल घेण्याचा हक्क मी देत आहे. अट एकच. फाटकातून आत यावे आणि कात्रीने, पाच पानांच्या डहाळीच्या थोडे वर, तिरके कापावे. हक्क दिला आहे म्हटल्यावर त्या कदाचित येणार नाहीत. तसे झाले तरी माझी हरकत नाही.

कलम ६. मागचे अंगण व गुलाब. हे कलम आप्पांसाठी आहे.

गुलाबाचे पहिले कलम मी नोकरी लागली त्या हिवाळ्यात नवसारीच्या रोपवाटिकेतून आणले. पुढे जागा भरेपर्यंत आणत गेले. ग्लॅडिएटर आणि सुपरस्टार या जातींचे जास्त होते. कोपऱ्यातला सुगंधी एडवर्ड कलमी नाही, स्वतःच्या मुळावर वाढलेला आहे. एप्रिलनंतर उरली आहेत ती झाडे म्हणजे तो एडवर्ड, भिंतीच्या सावलीतले दोन ग्लॅडिएटर, आणि एक, ज्याच्याबद्दल मला अजून सांगता येत नाही. बाकीची मी उपटली. लखनने उपटलेली जागा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मोजमाप काढले.

लखन कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारीगर आहे. दुसऱ्याचे मशीन चालवून तो कंटाळला आहे. त्याचे म्हणणे सरळ आहे आणि त्याने ते माझ्या तोंडावर सांगितले. "ताई, तू काय ती फुलं खातेस का? तिथे चार मशीन बसतात. कारीगर मी, मालक मी." मी म्हटले, भिंतीपलीकडे आप्पांची खाट आहे, चार मशीनच्या आवाजात ते कसे झोपतील? तो म्हणाला, ते आयुष्यभर बॉयलरशेजारी झोपलेत. यात तो चुकीचे बोलत नाही.

आता पाण्याबद्दल. हे वाचणाऱ्या इतरांना कळावे म्हणून लिहिते. आप्पा वीस वर्षे मिलचा सॉफ्टनर सांभाळतात. बोअरच्या कडक पाण्यात चुना असतो. त्याने कापडावर डाग पडतात. सॉफ्टनर तो चुना काढून घेतो आणि त्याच्या जागी मिठातला सोडियम सोडतो. कापडाला हे पाणी उत्तम, रंग एकसारखा बसतो. मातीला हे विष आहे. मातीतली छिद्रे मिटतात, मुळांना पाणी ओढता येत नाही, ओल्या जमिनीत झाड तहानेने मरते. मिलमध्ये मात्र पाणी दोनच प्रकारचे असते, बोअरचे वाईट आणि सॉफ्टनरचे चांगले. वीस वर्षांत आप्पांना तिसरे काही कोणी सांगितलेले नाही. शेठची गाडीही त्याच पाण्याने धुतात. आप्पांनी शिफ्ट सुटल्यावर टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून ते कॅन कडोदऱ्यापर्यंत आणले आणि तिथून सायकलला लटकवून घरी. एप्रिलच्या उन्हात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मिलमधली सर्वांत चांगली वस्तू आणली होती.

मी कारण सांगितले तेव्हा ते मला आधी एवढेच म्हणाले, "पानी नियं पडनं तवयच कॅन भरा मी, माय." सॉफ्टनरचे पाणी तपासताना त्यात औषधाचा थेंब टाकतात. लाल राहिले तर कडक, निळे झाले तर पास. प्रत्येक कॅन निळा झाल्यावरच त्यांनी भरला होता. मग ते पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "आते मना हात नको तठे. मना हात लागना ते ऱ्हायेल बी मरी जाई."

त्यानंतर ते हातपायसुद्धा पुढच्या नळावर धुतात. मागचे दार त्यांनी स्वतः लावून घेतले. ते उघडते ती फक्त मी.

मी जे सांगितले ते खरे होते. ते मागे घेणार नाही. परंतु त्यावरून आप्पांनी जो निष्कर्ष काढला तो चूक आहे. झाडे पाण्याने मेली, हाताने नाही. याच हातांनी १९९४ च्या प्लेगच्या वेळी अख्खी गल्ली खानदेशात पळाली असताना मागे राहून नळाचे पाणी घातले होते, आणि मी गावाहून परतले तेव्हा एकही झाड गेलेले नव्हते.

म्हणून मागचे अंगण, उरलेले गुलाब, छाटणीचे सिकेटर, खुरपे आणि छपाईच्या जुन्या फ्रेमची जाळी मी आप्पांना देत आहे. त्यांच्या हयातीत तिथे बांधकाम किंवा मशीन होऊ नये. सांभाळण्याची पद्धत अशी:

नळाचेच पाणी घालावे. कमी आले तर कमी घालावे. गुलाब तहान काही दिवस सोसतो, मीठ सोसत नाही. मिठाचा परिणाम काढणारे जिप्सम मी मातीत मिसळले आहे, पावसाआधी आणखी एकदा मिसळावे. पाणी सकाळी, बुंध्याशी, हळू. पानांवर दुपारी शिंपडू नये. बुंध्याभोवती उसाचे पाचट जाड पसरावे. बारडोलीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांकडे मागितले की मिळते. उन्हाळ्यात छाटणी करू नये, फक्त सुकलेले फूल काढावे. कलमाच्या गाठीखालून हिरवा, जोमदार फुटवा येईल. तो जंगली असतो. तो पाहून झाड सुधारले असे वाटेल. तो काढून टाकावा.

मे महिन्यात फूल लहान येते आणि रंगाला फिके असते. त्यात कोणाचा दोष नाही. सूर्य वर येण्याआधी उमलते, दुपारपर्यंत पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात. ज्याला पाहायचे त्याने सकाळीच पाहावे. एडवर्डचा वास त्याच वेळी येतो, सचिनच्या बाजूचा धूर खाली उतरण्याआधी. मी तेव्हा तिथे उलट्या बादलीवर बसून चहा पिते आणि कोणाशी बोलत नाही. हा वेळ कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून तो वाटणीत धरलेला नाही.

ज्या झाडाबद्दल मला सांगता येत नाही असे लिहिले, ते मेले असल्यास पावसाळ्यानंतर काढावे. आधी नाही.

कलम ७. पर्याय. मृत्युपत्राने जागा देता येते, रोज पाणी घालायला लावता येत नाही. आप्पांनी कलम ६ नाकारले तर अंगण कोणत्याही अटीविना लखनला जाईल. त्याने फरशी घालावी, मशीन बसवावीत. माझे त्यावर काही म्हणणे राहणार नाही, आणि गल्लीतल्या कोणी त्याला माझे नाव घेऊन टोमणे मारू नयेत.

कलम ८. अंत्यविधी. सुरतेतच करावा, गावी नेऊ नये. अंगावर फुले घालायचीच असतील तर बाजारातून आणावीत. जूनच्या उन्हात झाडावरची सगळी फुले एकदम उतरवली तर अशक्त झाड खचते.

वरील मजकूर मी पूर्ण वाचला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी आद्याक्षरे आहेत. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

सही: चंचल काशिनाथ बडगुजर

साक्षीदार:
१. सुकदेव दगा सोनवणे, सचिन
२. कविता भगवान ढगे, डिंडोली

ठिकाण: सुरत
दिनांक: १८ मे १९९७, रविवार

आप्पांसाठी: याची एक प्रत तुम्हाला देत आहे. पूर्ण वाचावी, लखनला विचारण्याआधी. गुरुवारी २९ तारखेला मी कागद नोंदणीला नेणार आहे. कलम ६ ठेवायचे की काढायचे, हे त्याआधी ठरायला हवे, आणि ते तुमच्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. मी तुमच्या वतीने ठरवणार नाही. गुलाब घेता की नाही, ते कृपया बुधवार, दि. २८ मे रोजी संध्याकाळपर्यंत मला सांगावे. तोंडी सांगितले तरी चालेल.